वाट पाहण्याचा पहारा

डिसेंबर २०२३ मध्ये दादर स्टेशनातल्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे आकडे बदलले. पूर्वी पश्चिम रेल्वेचा एक नंबर होता आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर होता. आता पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून चौदापर्यंत झाले. नातवाने ही बातमी मला वाचून दाखवली आणि म्हणाला, "आबा, आता कोणाची चुकामूक व्हायची नाही." मी काही बोललो नाही. ज्या चुकामुकीसाठी हा बदल मला हवा होता, ती छत्तीस वर्षांपूर्वीच होऊन गेली होती.

कीर्तनात आयुष्य गेले. आता गळा साथ देत नाही, गुडघे तर कधीच थकले. चिखल्याला समुद्राच्या वाऱ्यात सुरूच्या झाडांचा आवाज ऐकत बसतो आणि जे उभे राहून सांगता येत नाही ते बसून लिहितो. ही गोष्ट मी कधी कीर्तनात सांगितली नाही. दुसऱ्याचे दोष दृष्टांतात घालणे सोपे असते. हा दोष माझा होता.

१९८७ सालची कार्तिकी. आम्ही चौघेजण दर वर्षी बरोबर जात असू. मी कीर्तनाला, वसईचे आमचे मृदंगी, पालघरचे एक शिक्षक विणेकरी, आणि लालबागचे टाळकरी. हे टाळकरी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांसाठी गिरणीचे फाटक पुन्हा उघडलेच नाही. आमचे टाळकरी त्यांतले एक. पुढे मिळेल ते काम करून त्यांनी घर चालवले. पण कार्तिकी चुकवली नाही. त्या वर्षीची त्यांची सोळावी होती.

त्या काळी आमच्या बाजूला मुंबईची लोकल येत नव्हती. डहाणूहून शटलने विरार आणि विरारहून लोकलने दादर, असा प्रवास. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेवर जायचे आणि रात्रीची सोलापूरकडची गाडी धरायची. पहाटे कुर्डुवाडीला उतरले की समोर बार्शी लाईटची छोटी गाडी उभी असे. १९०६ साली ती पंढरपूरपर्यंत पोचली आणि २००१ साली तिथे मोठा रूळ पडेपर्यंत तिने वारकऱ्यांच्या पिढ्या वाहिल्या. आत जागा मिळाली नाही तर लोक टपावर बसत.

आता चौघे चार गावचे. भेटायचे कुठे, हे पत्राने ठरे. फोन आमच्यापैकी कोणाच्याच घरी नव्हता. त्या वर्षी पोस्टकार्डे मी लिहिली. "नवमीला रात्री आठ वाजता दादरला एक नंबरवर भेटणे. चौघांची तिकिटे मी काढून ठेवली आहेत." एवढेच. माझ्या मनात पश्चिमेचा एक नंबर होता. तो फुलबाजाराच्या अंगाला आहे, तिथून तुळशीचे हार घ्यायला बरे पडते, असा माझा हिशेब. कोणत्या रेल्वेचा एक नंबर, हे मी लिहिले नाही. मी पश्चिमेकडून येणारा माणूस. आपला एक नंबर तोच जगाचा एक नंबर, असे मला वाटले, आणि वाटले हेसुद्धा मला कळले नाही.

मृदंगी आणि विणेकरी माझ्यासारखेच पश्चिमेकडचे. ते बरोबर तिथे आले. लालबागकर करी रोडला गाडीत बसले आणि दादरला मध्य रेल्वेच्या एक नंबरवर जाऊन उभे राहिले. पत्रात लिहिले होते तसेच.

आम्ही सव्वा तास थांबलो. लोकलमागून लोकल येत होती, माणसांची लाट उतरत होती, दुसरी चढत होती. लालबागकरांची पांढरी टोपी काही दिसेना. माझ्या पिशवीत घरच्या वाडीचे चिकू होते, चौघांसाठी आणलेले. पिकत आले होते, वास सुटला होता. नऊ वाजून गेले तेव्हा विणेकरी म्हणाले, "येत नाहीत बहुतेक. संपापासून हात तंगच आहे त्यांचा."

मृदंगी म्हणाले, "तिकिटाचे पैसे द्यायचे जड गेले असतील. तोंड कसे दाखवावे म्हणून आले नसतील."

मी म्हणालो, "असेल तसेच."

हे दोन शब्द मी आजवर विसरलेलो नाही. आम्ही सामान उचलले, पूल ओलांडला, गाडी लागली होती तिच्यात शिरलो. कार्तिकीची गर्दी. मृदंग कुठे ठेवावा, वीणा कोणाच्या मांडीवर द्यावी, यात आमचा जीव गुंतला. गाडी सुटली.

दशमीला रात्री फडावर माझी कीर्तनसेवा झाली. लोक म्हणाले, चांगली झाली. एकादशीला चंद्रभागेचे स्नान, नामदेव पायरीचे आणि कळसाचे दर्शन. पौर्णिमेचा काला घेऊन परत निघालो आणि दादरहून सरळ लालबागला त्यांच्या चाळीत गेलो, बुक्का आणि प्रसाद घेऊन.

दार उघडून ते आधी पाया पडले. मी त्यांच्या पाया पडलो. चहा झाला. मग त्यांनी विचारले, "बुवा, किती वेळ थांबलात?"

"सव्वा तास. मग गाडीची वेळ झाली."

"मी शेवटच्या लोकलपर्यंत होतो," ते म्हणाले. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. "गाडी सुटायच्या वेळी धावत जाऊन डबे पाहून आलो. तुम्ही काही दिसला नाहीत. म्हटलं, डहाणूकडची गाडी रखडली असणार. ठरलेली जागा सोडली तर बुवा मला शोधणार कुठे? म्हणून परत तिथंच येऊन उभा राहिलो."

मग ते उठले, फळीवरच्या डब्यातून रुमालाची गाठ काढली आणि माझ्यासमोर सोडली. तिकिटाचे पूर्ण पैसे होते. नवमीच्या रात्री तेच पैसे त्यांच्या खिशात होते. मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, "तिकीट तुम्ही माझ्यासाठी काढलं होतं ना? मग ते माझंच." त्यांनी घ्यायला लावले.

एवढीच घटना. नंबर कसा चुकला हे मग उलगडले, आम्ही दोघेही हसलो. ते हसले, म्हणून मी हसलो. त्यानंतर अनेक वर्षे ते आमच्याबरोबर आले. फरक एवढाच की चूक माझी असून दर वर्षी ठरल्या वेळेच्या तासभर आधी तेच येऊन उभे राहत. आता ते नाहीत. वारी चुकल्याचा उल्लेख त्यांनी मरेपर्यंत केला नाही. वारकऱ्याला नेम मोडण्याचे दुःख काय असते, हे वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता विचार असा, की आमचे चुकले ते नेमके कुठे?

कोणी म्हणेल, पत्र चुकले. खरे आहे. पण विसरणे, अर्धवट लिहिणे, हे प्रमाद आहेत. माणसाकडून होतात, कळल्यावर क्षमा मागता येते. नंबर दोन होते हे मला ठाऊक नव्हते असेही नाही. ते त्या क्षणी सुचले नाही, इतकेच. तेवढेच असते तर मी छत्तीस वर्षे हे ओझे वाहिले नसते.

कोणी म्हणेल, गाडी कोणासाठी थांबत नाही, एकादशीही थांबत नाही. पंढरपुरात फडावरची मंडळी माझी वाट पाहत होती. एकासाठी पन्नासांना ताटकळत ठेवायचे काय? हा आक्षेप वजनदार आहे आणि मी स्वतःला तो कित्येक रात्री सांगितला. पण त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा उभी असते. सात दिवस, सात रात्री ती खाली ठेवायची नाही. म्हणून एकाच माणसाने सात दिवस उभे राहायचे काय? तसे नाही. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो, नमस्कार करतो आणि निजायला जातो. माणूस बदलतो, वीणा उभी राहते. आम्ही तिघे होतो. मला सेवेला जाणे भाग होते, माझ्याबरोबर मृदंगी लागणार होते. विणेकरी मागे राहू शकत होते, वीणा आमच्याकडे देऊन. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने दोघे आले असते, एकादशी त्यांनाही मिळाली असती. निदान गाडी सुटेपर्यंत एकाने दाराशी उभे राहून फलाट पाहिला असता तरी डबे शोधत धावणारा माणूस दिसला असता. यातले काही आम्ही केले नाही. वाट पाहणे आम्ही दुसऱ्याच्या हाती दिले नाही, खालीच ठेवले. सप्ताहात असे कोणी करील तर आपण त्याला काय म्हणू?

मग आम्ही हे का केले नाही? आमच्यातला कोणी दुष्ट नव्हता. उपाय सुचले नाहीत, कारण आम्ही शोधलेच नाहीत. आणि शोधले नाहीत, कारण तोवर निकाल लागला होता. "असेल तसेच."

गुरुगृही न्यायशास्त्राची तोंडओळख झाली होती, ती इथे कामाला येते. ज्ञानाची साधने सांगताना शास्त्रकार प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांची नावे घेतात. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे ओळखणे, हे अनुमान. पण धुके पाहून धूर समजलो, तर पुढचा सगळा विचार कितीही सरळ असला तरी फसतो. आमच्यासमोर प्रत्यक्ष काय होते? माणूस दिसत नाही, इतकेच. तो दिसत नाही हे धुके आम्ही धूर मानले आणि त्याखाली त्याच्या गरिबीची आग लावून मोकळे झालो.

तिसरे साधन शब्द. आप्ताचे वाक्य प्रमाण मानावे, असे शास्त्र सांगते. विश्वास ठेवावा असा, जसे आहे तसे सांगणारा, तो आप्त. मराठीत आपण नातलगाला आप्त म्हणतो. शब्द एकच आहे. जो आपला, त्याचे बोलणे खरे धरायचे. लालबागकरांचा शब्द आमच्याकडे होता. पोस्टकार्डाला त्यांचे उत्तर आले होते, "येतो." पंधरा वर्षे तो शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता. तरीही आम्ही शब्दापेक्षा अनुमान मोठे केले, तेही धुक्यावर बांधलेले.

आणि पलीकडे, पुलाच्या दुसऱ्या बाजूला काय चालले होते? त्यांच्यासमोरही प्रत्यक्ष तेवढेच होते. माणसे दिसत नाहीत. त्यांनाही अनुमान करता आले असते. बुवा आता मोठे झाले, बेकार माणसाला बरोबर न्यायची लाज वाटली असेल, तिकीट काढलेच नसेल. असे म्हणायला त्यांना आमच्यापेक्षा जास्त कारण होते, कारण जगाने त्यांना त्या पाच वर्षांत हेच दाखवले होते. त्यांनी अनुमान केले ते असे, की गाडी रखडली असेल.

एकच स्टेशन, एकच रात्र, पुरावा दोन्हीकडे सारखाच. अनुमाने मात्र दोन. माणूस समोर नसतो तेव्हा आपण त्याच्याविषयी जे धरून चालतो, ते त्याच्याकडून आलेले नसते. ते आपल्या घरचे असते. त्या रात्री लालबागकर कसे आहेत हे आम्हाला कळले नाही. आम्ही कसे आहोत ते कळले, आणि तेही सहा-सात दिवसांनी, रुमालाची गाठ सुटली तेव्हा.

याहून कडू एक गोष्ट आहे, तीही सांगतो. पालघरच्या शिक्षकांना उशीर झाला असता तर आम्ही काय म्हटले असते? "शाळेत अडकले असतील." आमच्या गावचे एखादे बागायतदार आले नसते तर? "बरे नसेल, चौकशी केली पाहिजे." ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्या बाबतीतच आम्हाला पैशाचे कारण सुचले. वाळवंटात आपण जात, धन, मान काही पाहत नाही, एकमेकांच्या पाया पडतो, उराउरी भेटतो. ती समता खरी आहे, मी ती अनुभवली आहे. पण समोर असलेल्याच्या पाया पडणे सोपे. समोर नसलेल्याविषयी मनात काय येते, समतेची परीक्षा तिथे होते. त्या परीक्षेत मी दादरच्या फलाटावर नापास झालो आणि दुसऱ्या रात्री फडावर समतेवर कीर्तन केले.

पुंडलिकाची कथा मी किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. आईबापांची सेवा चालू आहे, देव दारात आला आहे. सेवा सोडता येत नाही. पुंडलिकाने मागे वीट फेकली. पूर्वी मी या कथेत मातृपितृभक्ती सांगत असे, आणि ती आहेच. दादरनंतर मला ती वीट दिसू लागली. पुंडलिकाने देवाला थांबायला लावले, पण अधांतरी ठेवले नाही. तुम्ही आलात हे मला कळले, इथे उभे राहा, माझे काम संपले की येतो, हे सगळे त्या एका विटेत आले. कोणाला थांबवावे लागले तर त्याला पायाखाली काहीतरी दिले पाहिजे. आणि देवाचे थोरपण असे, की हा आपला अपमान करतो आहे हे अनुमान त्याने केले नाही. कामात असेल, असे धरून उभा राहिला. आपण अठ्ठावीस युगे म्हणतो. आमचे लालबागकर शेवटच्या लोकलपर्यंत उभे राहिले, त्यांच्या पायाखाली तर वीटही नव्हती. ती मी द्यायला हवी होती, पोस्टकार्डावर आणखी एक शब्द लिहून.

आता काळ बदलला. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते. आमच्याकडची मुले सकाळी निघून संध्याकाळी परत येतात. दादरला, अंधेरीला, चर्चगेटला मित्रांना भेटतात. खिशात फोन आहे, म्हणून जागा नीट ठरवत नाहीत. "पोचलो की करतो फोन." चुकामूक मिनिटात मिटते, हे चांगलेच आहे. पण मी पाहतो, अनुमानही तितक्याच वेगाने होते. फोन उचलला नाही की लगेच, "मुद्दाम उचलत नाही." निरोप वाचून उत्तर आले नाही की, "माज आलाय." समोरचा गाडीच्या दारात एका हाताने लोंबकळत असेल, त्याचा फोन चोरीला गेला असेल, हे सुचत नाही. आकडे बदलून रेल्वेने फलाटांचा घोटाळा मिटवला. मनातल्या एक नंबरचे काम ज्याने त्याने करायचे आहे.

दिंडीत निघणाऱ्या, चौघांनी मिळून वारीला जाणाऱ्या मंडळींना एक म्हातारा म्हणून सांगतो. आपल्या पालख्या पाहा. टप्प्यावर माउलींची आणि सोपानकाकांची बंधुभेट होते, वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. कुठे भेटायचे याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. तशी आपली जागा ठरवा आणि सांगताना ऐकणारा कोणत्या बाजूने येणार आहे ते मनात आणून सांगा. ज्याचे तिकीट त्याच्या खिशात द्या, दुसऱ्याची वारी आपल्या खिशात ठेवू नका. आणि कोणी आला नाही तर निघण्याआधी एवढे विचारा, पहारा कोणाकडे देऊन निघालो आहोत?

शेवटी त्या चिकूंचे सांगतो. गाडीत कोणाला ते खावेसे वाटले नाहीत. कुर्डुवाडीला उतरेपर्यंत पार मऊ झाले होते. छोट्या गाडीत शेजारच्या माणसांना वाटून टाकले. चौघांच्या वाटणीचे होते, चौथ्याच्या वाट्याचे कोणी खाल्ले ते आम्हाला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी मी पिशवी घेऊन दादरला उतरलो तेव्हा ते पुलावर, अगदी मधोमध, दोन्ही रेल्वे दिसतील असे उभे होते. मला पाहून त्यांनी हात वर केला. मी विचारले, "कधीपासून उभे आहात?"

"आत्ताच आलो, बुवा," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यातले तेवढे एकच वाक्य मी प्रमाण धरत नाही.

रामकृष्णहरि.